वाडीची वाट आणि बांधावरचं झाड

वाडीहून परतलेल्या बाईची पिशवी उघडली की आत काय निघणार, हे घरातल्या पोरांनाही पाठ असतं. अंगाऱ्याची पुडी, पेढे, बासुंदीचा डबा (तो वाटेतच संपला नसेल तर!) आणि कवठाची बर्फी. कृष्णाकाठची वांगी मिळाली तर तीही कुणीतरी घेतंच. आपण नरसोबाची वाडी म्हणतो, सरकारी पाटीवर नृसिंहवाडी असतं. कोल्हापूरपासून सुमारे पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, सांगलीपासून त्याच्या निम्म्याहूनही कमी. जयसिंगपूरला गाडीतून उतरलात तर पुढे एस.टी. नाहीतर वडाप आहेच.

दत्ताच्या पादुका, घाट, पालखी, यावर तुम्ही आजवर पुष्कळ वाचलं असेल. आज मी तुम्हांला वाडीची दुसरीच वाट दाखवणार आहे. ती जाते शिरोळ तालुक्याच्या शेतांतून, बांधाबांधानं. आणि सुरुवात करू या त्या कवठाच्या बर्फीपासून.

कवठाची बाग तुम्ही कधी पाहिली आहे का? आंब्याची पाहिली असेल, द्राक्षाची तर मिरज-तासगावकडे जाता-येता दिसतेच. कवठाची मात्र कुणी मुद्दाम ओळीनं बाग लावलेली सहसा दिसत नाही. कवठ असतं ते बांधावर, ओढ्याच्या कडेला, नाहीतर गावठाणात एखाद्या पडक्या भिंतीमागं. त्याला पाणी घालायला कुणी जात नाही, खत तर नाहीच नाही. बी रुजून झाड आलं तर फळ धरायला दहा-बारा वर्षंसुद्धा लागतात, म्हणून व्यवहारी माणूस त्याच्या नादी लागत नाही. पण एकदा का ते धरायला लागलं की आजीनं लावलेलं नातसुनेपर्यंत पुरतं. दगडासारख्या कवचातला तो आंबटगोड गर आपण महाशिवरात्रीच्या सुमाराला गूळ घालून चटणीत वापरतो. वाडीत त्याचीच बर्फी होते.

जाता जाता एक सांगून ठेवते. कवठ पिकलं की नाही ते वरून कळत नाही. ते हातभर उंचीवरून फरशीवर टाकून बघायचं. चेंडूसारखं उसळलं तर कच्चं, ‘धप्’ करून जागीच बसलं तर पिकलेलं. पिकलेल्याचा गर काढून चाळणीवर रगडून घ्या, म्हणजे बिया आणि रेषा वर राहतात. मग गराच्या आंबटपणाच्या मानानं साखर घालून मंद आचेवर आटवा, गोळा कडा सोडायला लागला की तूप लावलेल्या ताटात थापा. वाडीच्या हलवायाची चव येईल असं मी म्हणत नाही, पण पोरं पळवून नेतील एवढी खात्री देते.

तर हे बांधावरचं झाड. शेतकऱ्याच्या हिशेबात त्याला जागा नाही, बाईच्या हिशेबात मात्र फार मोठी आहे. ते कसं, ते मला कळलं जयसिंगपूरहून वाडीला येणाऱ्या गाडीत.

शेजारच्या बाकावर एक मावशी बसल्या होत्या. पायाशी शेवग्याच्या शेंगांची मोळी, मांडीवर चिंचेचं गाठोडं. बाजारात उरलेला माल वाडीत देवळाच्या वाटेवर बसून विकायचा त्यांचा बेत होता. बोलता बोलता विचारलं, “मावशी, शेती किती आहे?”

“ऊस हाय की अडीच एकर,” त्या म्हणाल्या. “पर उसाचं काय सांगू ताई! त्याचं बिल कवा आलं न् कवा गेलं, ते निस्तं माझ्या कानावर येतंय. सोसायटीचं कापून, खताचं कापून जे ऱ्हातंय ते मालकाच्या खात्यावर. ह्या शेंगांचं पैसं मातर माझ्या कनवटीला.”

आणि त्यांनी खरोखरच कनवटीवर हात मारून दाखवला.

शिरोळ तालुक्यात तुम्ही कुठूनही शिरा, खिडकीबाहेर ऊसच ऊस. कृष्णेला कोयनेचं पाणी, पंचगंगेला राधानगरीचं. नदीकाठच्या सहकारी उपसा योजनांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत हे पाणी शिवारात दूरवर नेलं. साखर कारखाने उभे राहिले, कौलारू घरांची स्लॅबची झाली, मुली कॉलेजात गेल्या. ऊस वाईट असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. ज्या पिकानं या भागातल्या बायकांच्या डोक्यावरचा पाण्याचा हंडा आणि पाठीवरचं दारिद्र्य उतरवलं, त्याला पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात बसून नावं ठेवणं सोपं आहे. पण आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टात होते आणि तो तुटतो पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर. म्हणजे दीड वर्षात पैसा एकदाच, एकगठ्ठा आणि एकाच्याच नावावर. मुलीच्या परीक्षेची फी, सासूचं औषध, माहेरच्या लग्नातला आहेर, यातलं काही दीड वर्षाची वाट पाहत थांबतं का? तिथं उपयोगी पडतात शेंगा, चिंचा, कवठं, लिंबं, हादग्याची फुलं आणि म्हशीचं दूध.

दुधावरून बासुंदी आठवली. वाडीची आणि पलीकडच्या कुरुंदवाडची बासुंदी प्रसिद्ध. पण म्हैस काय खाते हे आपण कधी विचारतो का? ऊसतोडीच्या दिवसांत तिला वाढे मिळतात, म्हणजे उसाचे शेंडे. फुकटचे म्हणून महिनोन्‌महिने नुसते वाढेच घातले तर त्यांतल्या ऑक्झलेटमुळे जनावराच्या अंगातलं कॅल्शियम कमी होतं. आणि उन्हाळ्यात तोडी बंद झाल्या की वाढेही संपतात. तेव्हा शेवरी, हादगा, सुबाभूळ यांचा पाला उपयोगी पडतो. बांधावर दहा-पंधरा शेवऱ्या असल्या तर बाईला विळा घेऊन दुसऱ्याच्या शेतात गवत मागायला जावं लागत नाही. सुबाभळीचं मात्र तारतम्य ठेवायचं. त्या पाल्यात एक विषारी अंश असतो, म्हणून एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घालू नये.

आता वाडीत पोचू या. गाव आहे कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर. कृष्णा उत्तरेकडून येते. पंचगंगा येते पश्चिमेकडून, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांचं पाणी घेऊन. नदीकडे उतरत जाणारा रुंद घाट, आणि घाटावर ठेंगणं, शिखर नसलेलं देऊळ. परंपरा असं सांगते की चौदाव्या-पंधराव्या शतकातले श्रीनृसिंहसरस्वती इथं बारा वर्षं राहिले आणि मग गाणगापूरला गेले. मागं ठेवल्या त्या मनोहर पादुका. आणि ते राहिले कुठं? वाड्यात नाही, मठात नाही, औदुंबराखाली. नदीकाठी दत्ताचं ठाणं आणि तिथं औदुंबर नाही, असं सहसा होत नाही.

पावसाळ्यात नदी चढली की पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. हाच दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला माणसं लांबून धावत येतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. नदीचा राग आणि नदीची माया इथल्या माणसांनी एकाच सणात बसवली आहे, याचं मला दर वेळी नवल वाटतं. पण 2005 साली, मग 2019 च्या ऑगस्टात आणि पुन्हा 2021 च्या जुलैत जे पाणी आलं, ते सोहळ्याचं नव्हतं. 2019 ला तर शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं बाहेर काढावी लागली. जनावरं, धान्य, भांडीकुंडी, सगळ्याची दैना झाली.

मावशींना मी तेच विचारलं, पुरात काय राहिलं?

“ऊस कुजला. आठ-धा दिस पाणी हलंना, मग काय ऱ्हातंय? शेवगा समदा वाळला. पपई तर नावालाबी ऱ्हायली न्हाई. जांभूळ मातर हुबं, करंज हुबं, उंबराला तर काय बी झालं न्हाई. पाणी वसरल्यावर म्हशीला पयला घास उंबराचाच घातला.”

शास्त्रही हेच सांगतं. शेवगा, पपई यांच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही, चार दिवसांत ती गुदमरतात. करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर ही मुळातच नदीनाल्याच्या काठची झाडं, त्यांना पाण्यात पाय बुडवून उभं राहायची सवय. नदीकाठच्या शेतात काय लावायचं आणि गावाकडच्या उंच अंगाला काय लावायचं, याचं शहाणपण त्या बाईला पुरानं शिकवलं. मावशींनी शेवगा पुन्हा लावला, पण यंदा गोठ्यामागच्या चढाच्या जागेवर. शेवग्याचं एक बरं असतं, बी लावलं तरी सहा-आठ महिन्यांत शेंगा धरायला लागतात.

संगमावर आलातच तर होडीनं किंवा पुलावरून पलीकडे औरवाडला जाऊन या. हेच गुरुचरित्रातलं अमरापूर. अठराव्या अध्यायातली घेवड्याच्या वेलाची गोष्ट इथलीच, तुमच्यापैकी बहुतेकींनी ती ऐकली असेल. एका गरीब ब्राह्मणाच्या दारात घेवड्याचा वेल होता. ज्या दिवशी भिक्षेला काही मिळत नसे, त्या दिवशी त्या शेंगांवर सगळ्यांचं पोट भरे. एक दिवस गुरू भिक्षेला आले. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून तीच भाजी वाढली. गुरू जेवले, प्रसन्न झाले आणि निघताना त्यांनी तो वेलच मुळापासून उपटून टाकला. घरची बाई रडायला लागली. नवऱ्यानं तिची समजूत घातली. मग तो वेलाची उरलेली मुळं खणायला गेला तेव्हा खाली द्रव्यानं भरलेला घडा निघाला.

कीर्तनकार ही गोष्ट सांगताना त्या बाईच्या अज्ञानावर हसू काढतात. मला मात्र तिचं रडणं अगदी रास्त वाटतं. घडा निघणार हे तिला काय ठाऊक? पोरांच्या तोंडी रोज पडणारं काहीतरी त्या वेलावर लटकत होतं, एवढं तिला ठाऊक होतं. पाच-सहाशे वर्षांपूर्वी या काठावरच्या एका घराचा संसार दारातल्या वेलावर चालला होता, याची ही नोंद आहे असं मी समजते.

आज अशा दारातल्या नि बांधावरच्या गोष्टी उपटल्या जातात त्या द्रव्याच्या घड्यासाठीच. भावाभावांत वाटण्या होतात, दोन एकरांचा एक होतो, एकाचा अर्धा. मग प्रत्येक सरीला किंमत येते. ट्रॅक्टरवाला दरवर्षी बांध थोडा थोडा कोरतो. एके काळी गाडीबैल जाईल असे बांध होते, तिथं आता माणूस तिरका होऊन चालतो. बांध गेला की बांधावरची बाभूळ गेली, बोर गेली, कडुलिंब गेला. शिवाय झाडाचा वसवा पडतो, म्हणजे सावलीनं आणि मुळांच्या ओढीनं जवळचं पीक खुरटतं. ही तक्रार खोटी नाही. झाडाजवळचे चार-सहा ऊस बारीक राहतातच. पण तेवढ्या नुकसानीपायी पुरुष माणूस सगळं झाडच काढतो. बाईला विचारलंच तर ती म्हणेल, “चार ऊस गेले तर जाऊ देत.” पण तिला विचारतं कोण?

आणि एवढं करून जमीन तरी नीट राहिली का? वाडीच्या आसपास शिरोळ तालुक्यात फिरताना तुम्हांला मधूनच एखादं पांढरं पडलेलं रान दिसेल. जणू कुणी पीठ सांडलं आहे. त्यात वेडी बाभूळ आणि लव्हाळा, दुसरं काही नाही. ही क्षारपड जमीन. कसं होतं हे? भारी काळी माती, पाणी मुबलक, ऊस वर्षानुवर्षं त्याच रानात, आणि पाणी द्यायचं ते पाट तुंबवून. जादा पाणी ओढ्यानं निघून जायचं, तर ते ओढे-नालेही बुजवून शेतात घेतलेले. मग जमिनीखालची पाण्याची पातळी वर वर येते. समईतलं तेल वातीनं जसं वर चढतं तसं हे पाणी मातीतून वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि त्यातलं मीठ तेवढं वर राहतं. तुमच्या घरच्या जुन्या माठावर बाहेरून पांढरे डाग पडतात ना, तसंच. ऊस पिवळा पडतो, उतारा निम्म्यावर येतो, आणि शेवटी रान सोडून द्यावं लागतं. सातबाऱ्यावर मालक आणि प्रत्यक्षात मजूर, अशी माणसं या सधन तालुक्यात आहेत, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही.

यावर इथंच उपायही झाला आहे. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानं गेल्या काही वर्षांत गावोगावच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हजारो एकरांवर हे काम हाती घेतलं. सुमारे चार फूट खोल, भोकं पाडलेले प्लॅस्टिकचे पाइप जाळीत गुंडाळून पुरायचे. मातीतलं खारं पाणी त्यांत झिरपतं आणि मोठ्या पाइपानं नाल्याला जातं. खर्च मोठा आणि एकट्यादुकट्याचं हे कामच नव्हे, कारण माझं पाणी तुमच्या रानातून जाणार नि तुमचं तिसऱ्याच्या. पाणी निघालं की ढेंचा पेरून गाडायचा, मग हळूहळू पीक घ्यायचं.

झाडं लावली की क्षारपड आपोआप सुधारते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पाण्याला वाट काढून द्यावीच लागते. पण झाडाची मदत मोठी असते. हरियाणात कर्नालला 1969 पासून क्षारपड जमिनींवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी निलगिरीच्या ओळी लावून दाखवलं, की झाडं खोल मुळांनी पाणी उपसतात आणि पानांवाटे हवेत सोडतात, त्यामुळे भूजलाची पातळी खाली जाते. वीज नको, मोटर नको, असा पंपच तो! शिवाय आवळा, बोर, करवंद, करंज, बाभूळ ही खारट-चोपण मातीत इतरांपेक्षा जास्त तग धरतात. ज्या रानात ऊस उभा राहत नाही तिथं आवळ्याचं कलम चार-पाच वर्षांत फळ देतं. मोरावळ्याला आवळे आपल्याला विकतच घ्यावे लागतात ना, मग ते शिरोळच्या पांढऱ्या रानातून का येऊ नयेत?

झाडाची शेती काही आजची नाही. वाडीपासून मिरजेच्या बाजूला गेलात की पानमळे लागतात. ते बाहेरून बघितले तरी कळतं. दाट सावलीचं, थंडगार, देवळासारखं रान. विड्याच्या पानाचा वेल ऊन सोसत नाही आणि आधाराशिवाय चढत नाही. म्हणून आधी शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा लावायचे आणि त्यांच्यावर वेल सोडायचे. वेलाला आधार, पानाला सावली, जनावराला पाला, घरात हादग्याच्या फुलांची भाजी आणि शेंगांची आमटी. एका वाफ्यात चार उत्पन्नं! शास्त्रज्ञांनी वनशेती हा शब्द काढला त्याच्या कितीतरी आधीपासून पानमळेवाला ती करत होता. भारत सरकारनं वनशेतीचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं 2014 साली.

मधल्या काळात सरकारनं आणि संस्थांनी बरंच केलं, काही फसलं, काही जमलं. 1980 नंतर देशभर निलगिरीची लाट आली. हरियाणा, पंजाब, गुजरातेत शेतंच्या शेतं निलगिरीची झाली आणि सगळ्यांची तोड एकदम आल्यावर दशक संपता संपता भाव कोसळले. निलगिरीचं ना फळ, ना चारा. विकली तर पैसा, नाही तर सरपण. त्याच सुमाराला, 1982 साली, मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’ संस्थेनं गुजरातेत वांसदा भागात वेगळाच प्रयोग केला. आदिवासी कुटुंबाला एकरभर जागेत आंबा-काजूची कलमं, कडेनं सरपणाच्या आणि चाऱ्याच्या झाडांचं कुंपण, आणि मधल्या जागेत भात-नागली-भाजी. पुढे तो आपल्या जव्हारकडेही आला. त्याचं नाव काय, ठाऊक आहे? ‘वाडी’! महाराष्ट्र सरकारनं 1990 मध्ये रोजगार हमीतून फळबागा द्यायला सुरुवात केली, तिनं राज्यातल्या कितीतरी कोरडवाहू माळांचं रूप पालटलं. आणि आफ्रिकेत, केनियात, वंगारी मथाई नावाच्या बाईनं 1977 पासून खेड्यातल्या बायकांना रोपं तयार करायला शिकवलं, जगलेल्या प्रत्येक रोपामागे त्यांच्या हातावर थोडे पैसे ठेवले. 2004 साली तिला शांततेचं नोबेल मिळालं. सरपण नि पाणी हा बायकांचा प्रश्न, म्हणून झाडंही बायकांनीच लावायची, असा तिचा साधा हिशेब होता.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही शहरात राहणाऱ्या, दोन खोल्यांत तुळस जगवताना नाकी नऊ येतात, आम्हांला हे कशाला? पण खरं सांगा, तुमच्यापैकी कितीजणींच्या सासरी-माहेरी थोडीफार शेती आहे? दीर बघतात, नाहीतर वाट्यानं दिलेली असते, आपण वर्षातून एकदा तांदळाचं पोतं नि गुळाची ढेप घेऊन येतो. पुढच्या वेळी गेलात की एकदा बांधावरून चक्कर मारा. कुठली झाडं आहेत, कुठली होती, ते सासूबाईंना विचारा. त्यांना सगळं आठवत असतं, कुठल्या चिंचेखाली पाळणा बांधला होता तेसुद्धा.

लावायचं ठरलं तर घाईनं वैशाखात रोप आणू नका. मे महिन्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन तो उन्हात तापू द्या, मग वरची चांगली माती आणि शेणखत घालून भरा. रोप लावायचं ते मृगाचा पाऊस चांगला मुरल्यावर. पहिले दोन उन्हाळे सांभाळले की निम्मं काम झालं. जवळ एक मडकं पुरून, त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून चिंधीची वात घातली तर आठवड्याला एक-दोन घागरीत रोप जगतं. शेळीपासून राखायला बोरी-बाभळीच्या काट्या. शेळीला रोपातलं कौतुक कळत नाही, कोंब कळतो!

जागा निवडताना सावलीचा विचार हवा. आपल्याकडे सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेला कललेला असतो, म्हणजे सावली उत्तरेला पडते. दक्षिणेच्या बांधावर झाड लावलं तर ती तुमच्याच पिकावर. उत्तरेच्या बांधावर लावलं तर शेजाऱ्याच्या पिकावर आणि भांडण तुमच्या दारात. म्हणून ओढ्याची कड, विहिरीचा काठ, गोठ्यामागची जागा, रस्त्याची बाजू आधी बघा. सामाईक बांधावर लावायचंच असेल तर शेजाऱ्याशी आधी बोला, दोघांनी मिळून लावा, फळं निम्मी निम्मी. आणि एक माहीत असू द्या. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग अशी काही झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत, 1964 चा कायदा आहे. हे ऐकून काही पुरुष मंडळी “मग लावायचंच कशाला?” म्हणतात. त्यांना सांगा, आम्ही तोडायला नाही, खायला लावतो आहोत.

वाडीला जायचं तर पौर्णिमेची आणि दत्तजयंतीची गर्दी टाळून, दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत कधीही जा. पहाटेची काकड आरती घ्या, दुपारी औरवाडला, वेळ उरला तर त्याच तालुक्यातल्या खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ बघा. पहाटे घाटावर उभ्या राहिलात तर समोरच्या काठाकडेही जरा पाहा. जिथं झाडांची रांग शिल्लक आहे तिथं काठ धरून आहे, आणि जिथं अगदी कडेपर्यंत ऊस नेला आहे तिथं दर पुराला थोडी दरड सुटते.

मावशी वाडीत उतरल्या तेव्हा मी त्यांच्याकडून दोन पेंढ्या शेंगा घेतल्या. पैसे मोजताना सहज विचारलं, सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का? त्या हसल्या. “नाव? ते मालक गेल्यावर लागतंय म्हनं.” खरं तर नवरा हयात असताना, त्याच्या संमतीनं बायकोचं नाव उताऱ्यावर लावायची लक्ष्मीमुक्ती योजना महाराष्ट्रात 1992 पासून आहे. मागणी केलेली शेतकरी चळवळीनं. तलाठ्याकडे अर्ज द्यायचा असतो. मी त्यांना तसं सांगितलं.

“पोराला इचारून बघते,” त्या म्हणाल्या. “त्यो मोबाइलवर पिकाची नोंद करतोय, ऊस म्हणून. माझी चिंच, कवठ न् शेवगा त्यात लागतंय का, त्येबी इचारते.”

लागतं. 2021 पासून सुरू झालेल्या त्या ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. गावी गेलात की तुमच्या घरची नोंदही कुणाकडून तरी एकदा उघडून बघा.